पाहुणा गुप्तहेर, घरचा माग

सत्यजित राय यांच्या फेलूदाकथा माझ्या हाती फार उशिरा आल्या. अशोक जैन यांचे मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले, त्यांतले काही आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आले आणि ग्रंथपालांनी ते बालविभागात लावले. यात त्यांची चूक नाही. फेलूदा १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकातच जन्मला. ते मासिक राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी, सुरू केलेले. पण पन्नाशीतला माणूस बालविभागाच्या कपाटापुढे उकिडवा बसून पुस्तके चाळतो आहे, हे पाहून ग्रंथपालांनी "घरी कोणासाठी?" असे विचारलेच. "माझ्यासाठीच," मी म्हणालो, आणि 'कैलासातील कारस्थान' घेऊन घरी आलो. ते निवडण्याचे कारण साधे होते. त्यात वेरूळ होते.

हा लेख त्या वाचनातून निघाला. फेलूदाच्या ३५ पूर्ण कथांचा आढावा इथे घ्यायचा नाही. माझ्यापुढे एकच प्रश्न आहे. जुन्या, ओसाड, इतिहासाने भरलेल्या मुलखात रहस्यकथा घडते, तेव्हा त्या मुलखातल्या माणसाला काय काम उरते? हा प्रश्न मला पुस्तकाने जेवढा घातला, तेवढाच आमच्या तालुक्यातल्या एका चोरीने घातला. त्या चोरीकडे पुढे येतोच.

आधी मराठीपुरते पाहू. रहस्यकथेची भूक मराठी वाचकाला नवी नाही. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी मुलखाचे कपडे चढवले. 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष' ही नावे आजही जुन्या घरांतल्या फडताळात सापडतात. भुयारे, गुहा, पडके वाडे हे सारे त्यांत आहे, पण गुप्तहेर नाही. गुप्तहेर खऱ्या अर्थाने घरोघरी नेला तो बाबुराव अर्नाळकरांनी. हजारावर पुस्तके लिहिणारा हा माणूस. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय आमच्या वडिलांच्या पिढीने कापसाच्या गंजीवर पडून वाचले. माझ्या गावी एकाने मोठ्याने वाचायचे आणि चार जणांनी ऐकायचे, असा प्रकार होता. पोथी आणि अर्नाळकर एकाच कंदिलाखाली. पण ऐकणारे चौघे वऱ्हाडातले आणि मोटार पळायची ती मुंबईच्या रस्त्यावर. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले; बहुतेक वेळा गुन्ह्याची जागा शहरच राहिली. खेडे ग्रामीण कथेकडे गेले, गडकिल्ले ऐतिहासिक कादंबरीकडे गेले. या दोहोंच्या मधली जमीन, म्हणजे ज्या गावाच्या शिवेत हेमाडपंती देऊळ आहे आणि त्या देवळाच्या सावलीत आज एक माणूस शेळ्या राखतो आहे ती जमीन, रहस्यकथेने जवळजवळ मोकळीच ठेवली.

म्हणून वेरूळच्या लेण्यात कलकत्त्याचा प्रदोष मित्तर उर्फ फेलूदा उतरलेला पाहून मला एकाच वेळी आनंद आणि थोडी खंत वाटली. दगड आपला, चोरी आपल्या अंगणात, आणि तपासाला पाहुणा.

मूळ कादंबरी 'कैलाशे केलेंकारी' १९७३ साली 'देश' साप्ताहिकाच्या शारदीय अंकात आली. फेलूदाच्या बहुतेक मोठ्या कथा अशाच पूजा-अंकांतून आल्या. आपल्याकडे दिवाळी अंक, तिकडे शारदीय अंक. 'केलेंकारी' म्हणजे लफडे, अब्रू जाईल असा प्रकार. अशोक जैन यांनी 'कारस्थान' करून अर्थ किंचित बदलला, पण 'क'चा अनुप्रास राखला, आणि राय यांच्या शीर्षकांत अनुप्रास हा अर्धा खेळ असतो. अनुवाद एकूणच सुबोध आहे. दिल्लीतून बातम्या लिहिलेल्या पत्रकाराची वाक्ये आहेत ती. थांबत नाहीत, नटत नाहीत.

कथेची सुरुवात भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीच्या तुटलेल्या मस्तकापासून होते. देशातल्या देवळांची शिल्पे फोडून मुंडकी परदेशी विकली जात आहेत, म्हणून फेलूदाचे ज्ञानवृद्ध सिधूज्याठा तळमळून बोलतात. ते मस्तक विकत घेतलेला अमेरिकी माणूस विमान अपघातात मरतो. विमान पडते ते बंगालमधल्या एका खेड्याजवळ, आणि मस्तक त्या खेड्यातून पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाते. मग माग औरंगाबादकडे वळतो, वेरूळला येतो, कैलास लेण्यात सिनेमाचे चित्रीकरण चालू असते, आणि त्या गर्दीत चोर.

राय यांनी हा विषय हवेतून घेतलेला नाही. शिवपुरमचा नटराज अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडे गेला, तो वाद त्याच सुमाराचा. ती मूर्ती भारतात परतली १९८६ साली. पुरावशेष आणि बहुमूल्य कलावस्तू अधिनियम १९७२ चा, तो अमलात आला १९७६ मध्ये. म्हणजे पूजेच्या सुट्टीत मुलांनी वाचायची गोष्ट लिहिताना राय ऐन जळत्या विषयाला हात घालत होते, आणि कोणालाही उपदेश न करता. माझ्या मते फेलूदामालेतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. इतरत्र चोरी अंगठीची, हिऱ्याची, मृत्युपत्राची होते. इथे चोरी होते ती जागेची. यक्षीचे मस्तक गेले की मागे उरलेले धड पाहणाऱ्याला काही सांगत नाही, आणि दूरच्या दिवाणखान्यात मांडलेले मस्तकही काही सांगत नाही. वस्तू आणि जागा यांची फारकत हाच गुन्हा.

पण तीनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकत राहिली. लेणी मला त्या कथेत दिसतात. सोळा क्रमांकाचा तो अखंड डोंगर, त्याचे मजले, काळोख, हत्ती, सारे काही. वेरूळ गाव दिसत नाही. पिढ्यान्पिढ्या त्या कड्याखाली राहणारा, गुरे घेऊन लेण्यांच्या माथ्यावर जाणारा, कोणती वाट पावसात बंद होते हे ठाऊक असलेला माणूस कथेला लागत नाही. फेलूदा कलकत्त्यात लेण्यांवरची पुस्तके वाचून येतो आणि ती विद्या त्याला पुरते. पुस्तकी विद्येबद्दल माझी तक्रार नाही; मी स्वतः दहावीनंतर जे शिकलो ते वाचनालयांतच. तरी मी त्या मुलखाच्या शेजारचा माणूस आहे, आणि मला माहीत आहे की पुस्तकात नसलेले पुष्कळ तिथे कोणीतरी जाणून असते.

ही कामाची वाटणी फेलूदाची नव्हे. ती त्याने गुरूकडून घेतली. राय यांनी फेलूदाला एका कथेत लंडनच्या बेकर स्ट्रीटवर नेऊन होम्सपुढे अक्षरशः नतमस्तक केले आहे. होम्सची सर्वांत गाजलेली ग्रामीण कथा म्हणजे बास्करव्हिलच्या कुत्र्याची, १९०१-०२ मधली. डार्टमूरचा दलदलीचा माळ, त्यावर इतिहासपूर्व काळातल्या माणसांची दगडी घरे, घराण्याचा शाप. होम्स त्यांतल्याच एका दगडी घरात लपून राहतो. तिथल्या लोकांकडे दंतकथा आहे, भीती आहे, लपवाछपवी आहे. बुद्धी मात्र लंडनहून आगगाडीने येते. स्थानिक माणूस एकतर भितो, नाहीतर संशयित ठरतो. पुढे शंभर वर्षे रहस्यकथेने खेड्याकडे असेच पाहिले.

राय मात्र मोठे लेखक होते, आणि ही वाटणी त्यांना आतून टोचत असावी असे मला 'रॉयल बेंगालचं रहस्य' वाचून वाटते. ही कथा १९७४ ची. उत्तर बंगालमधले जंगल, तिथला जमीनदार महीतोष सिंहराय, वाघाच्या शिकारीवर पुस्तके लिहून नावाजलेला. पूर्वजाने लिहून ठेवलेले एक कोडे आहे; जुने झाड, अंतर, दिशा यांत गुप्तधन लपलेले. कोडे सोडवायला फेलूदा येतो आणि मालकाच्या चिटणिसाचे प्रेत जंगलात सापडते, वाघाने फाडलेले. त्या मृत्यूचा उलगडा मी इथे सांगणार नाही. तो मालेतल्या उत्तम उलगड्यांपैकी आहे आणि त्यासाठी आभाळ, लोखंड आणि रान या तिन्हींकडे एकदम पाहावे लागते. पण दुसरे एक गुपित फोडल्याशिवाय माझा मुद्दा पुढे सरकत नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. महीतोषबाबूंनी वाघ मारलेलेच नाहीत. बंदूक दुसऱ्याची, लेखणी तिसऱ्याची, मुखपृष्ठावर नाव जमीनदाराचे.

रहस्यकथेतले रहस्य खुनाचे असते, अशी आपली समजूत. इथे खरे रहस्य श्रेयाचे आहे. जंगल कोणी वाचले आणि त्याचे नाव कुठे गेले? राय यांनी हा प्रश्न विचारला खरा, पण जमीनदार, त्याचा मित्र आणि चिटणीस या वाड्यातल्या तिघांपुरताच. माधवलाल नावाचा शिकारी कथेत आहे, जंगलात सोबत जाणारा, ठसे ओळखणारा. त्याच्याकडे पाहून मला वाटले, याची एक वेगळी गोष्ट आहे, ती कोणी लिहिली नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे वाचताना २०१८ आठवल्याशिवाय राहणार नाही. राळेगाव-पांढरकवड्याच्या रानातली टी-१ वाघीण, जिला पुढे देशभर 'अवनी' म्हणून ओळखले गेले. तिला शोधण्यासाठी हत्ती आणले, बाहेरून शिकारी आले, परदेशी जातीचे कुत्रे आले, भुलवण्यासाठी परदेशी अत्तरसुद्धा शिंपडल्याच्या बातम्या छापून आल्या. २ नोव्हेंबरच्या रात्री ती बोराटीजवळ मारली गेली. तिला मारणे योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. त्या काळात मी रोजची वर्तमानपत्रे कात्रणासाठी ठेवली. शिकाऱ्यांची नावे, अधिकाऱ्यांची नावे, अत्तराच्या कंपनीचेही नाव त्यांत आहे. पहाटे नाल्याच्या ओल्या रेतीत ठसा पाहून 'काल रात्री इथून गेली' असे सांगणाऱ्या वनमजुरांची आणि गुराख्यांची नावे शोधावी लागतात.

या माणसाला मराठीत नाव नाही असे नाही. माग काढणारा. मोल्सवर्थच्या कोशात 'माग' आहे आणि आपल्या बोलण्यातही तो रोज आहे, पण त्यामागे एक आखीव पद्धत होती हे आपण विसरलो. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ती आली आहे. गावच्या रखवालदाराने रात्री कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवायची. चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा. माग गावाच्या शिवेवर पोचला की शेजारच्या गावच्या रखवालदाराला बोलावून, माग दाखवून, त्याच्या हवाली करायचा. त्याने तो आपल्या शिवेतून पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. ज्या गावात माग विरला, त्या गावावर भरपाईची जबाबदारी. वऱ्हाड त्या वेळी निजामाकडे होते, इंग्रजांकडे ते १८५३ मध्ये आले, त्यामुळे तो अहवाल आमच्या गावांचा नव्हे. पण 'शिवेपर्यंत माग' हा शब्दप्रयोग मी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे.

जरा थांबून ही पद्धत पाहा. इथे एकटा बुद्धिमान माणूस गुन्हा उकलत नाही. प्रत्येक गावाने आपल्या वाट्याची जमीन वाचायची आणि पुढच्याला सोपवायची. पुरावा माणसाच्या हातून माणसाच्या हाती जातो. होम्सच्या आधी सत्तर-ऐंशी वर्षे हे लिहून ठेवलेले आहे, आणि लिहिले तेव्हा ते जुनेच होते. यात रम्य काही नाही, हेही सांगितले पाहिजे. माग काढणारा बहुधा रामोशी, भिल्ल, मांग, महार. गावाच्या कडेला राहणारा. आणि पुढे १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांत रानाची भाषा सर्वांत चांगली जाणणारे पारधीही सापडले. माग वाचणाऱ्यावरच आधी संशय. तो कायदा १९५२ साली गेला. सवय गेली का, ते पुढे पाहू.

जगाच्या रहस्यकथेत या माणसाला नायक केलेले नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात आर्थर अपफिल्डने १९२९ पासून 'बोनी' हा तपासनीस उभा केला. आई तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, बाप गोरा, आणि वाळवंटातला माग ही त्याची विद्या. त्या पुस्तकांत रक्ताबद्दल, वंशाबद्दल जे लिहिले आहे ते आज वाचवत नाही. पण त्या मालेतून एक चांगला लेखक तयार झाला. टोनी हिलरमनने आपल्यावरचे अपफिल्डचे ऋण मान्य केले आहे. हिलरमनच्या मालेची सुरुवात १९७० ची. नायक जो लीपहॉर्न आणि पुढे जिम ची, दोघेही अमेरिकेतल्या नाव्हाहो जमातीचे आणि त्या जमातीच्याच पोलीस दलातले. मला त्यातले 'अ थीफ ऑफ टाइम' (१९८८) नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाले. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला पावसाळा गेला.

हे पुस्तक 'कैलासातील कारस्थान'च्या शेजारी ठेवून वाचावे. विषय तोच. शेकडो वर्षांपूर्वी ओसाड पडलेल्या वस्त्यांतली मातीची भांडी रात्री उकरून विकणारे चोर, आणि अशाच एका वस्तीत नाहीशी झालेली संशोधक बाई. वस्तू आणि जागा यांची फारकत इथेही आहे. एखादे भांडे नेमके कुठल्या ओसाडीतले, हाच तपासाचा कणा. फरक असा की लीपहॉर्न पाहुणा नाही. दरीतली वाळू, पाऊस केव्हा पडला, कोणाच्या घरी कोणत्या वेळी जावे आणि बाहेर किती वेळ थांबावे, हे त्याला जन्मापासून माहीत. नाव्हाहो माणूस मृतांच्या भीतीने ओसाडीत पाऊल टाकत नाही. होम्सच्या कथेत ही भीती भोळेपणा ठरली असती आणि शेवटच्या प्रकरणात तिचा निरास झाला असता. हिलरमन तिला तसेच राहू देतो, आणि वाचकाच्या ध्यानात येते की शतकानुशतके त्या भांड्यांची राखण या भीतीनेच केली. हिलरमन स्वतः गोरा, म्हणजे लेखक म्हणून पाहुणाच. तरी त्या जमातीने १९८७ साली त्याचा सन्मान केला.

ते वाचताना मला आमची रिठे आठवली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: उजाड झालेल्या गावाला आमच्याकडे रिठ म्हणतात. सातबारावर गाव जिवंत असते, जमिनीला मालक असतात, पण घर एकही नाही. एखादी पडकी विहीर, मारुतीचा ओटा, खापरांचा सडा आणि पांढरी माती. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे शेताची. शेकडो वर्षांच्या राखेने आणि शेणमातीने वस्तीची माती फिकी पडते, आणि नांगरणाऱ्याला ते आधी कळते. बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडच्या अशाच पांढरीवर नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले आणि सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या, लोहयुगातल्या वस्तीचा पुरावा काढला. नावात 'पांढर' घेऊन ही गावे बसली होती. कोणी जाऊन विचारण्याचीच वाट होती.

माझ्या लहानपणी आजी सांगायची, रिठावरचा दगड घरी आणू नये, आणला तर घराचे रिठ होते. मी ही समजूत अनेक वर्षे अंधश्रद्धेच्या खात्यात टाकली होती. हिलरमन वाचल्यावर तिला दुसरे खाते उघडले.

आता ती चोरी. आमच्या तालुक्यात एका रिठावर हेमाडपंती देवळाचे अवशेष आहेत. खांब आडवे पडलेले, चौकटीचा एक बाजूचा दगड उभा, आणि लिंबाखाली कोणीतरी मांडून ठेवलेल्या चार मूर्ती. त्यांतली एक मी पाहिली होती. गुडघ्याएवढी, नाक झिजलेले, हातात काय आहे ते ओळखू येत नाही, पण कमरेची वळणे अजून ठसठशीत. माझ्या वहीत तिचे हाताने काढलेले चित्र आहे, मोजमापासह. फोटो नाही, त्या दिवशी मोबाइलची बॅटरी उतरली होती, याचे मला आजही वाईट वाटते. एका दिवाळीनंतर ती मूर्ती नव्हती. पंचनामा झाला. त्यात 'अज्ञात चोरट्यांनी' असे आहे. पहिली चौकशी झाली ती चार कोसांवरच्या पारधी बेड्यावर. दोघांना नेले, तीन दिवसांनी सोडले. मूर्ती सापडली नाही.

मी महिन्याने तिथे गेलो तेव्हा शेळ्या राखणारे एक म्हातारबुवा भेटले. बसलो, तंबाखू झाली. मी मूर्तीचे विचारले.

"गाडी आली होती, भाऊ. मोठ्या चाकाची. माल भरून नाई आली, माल घेऊन गेली."

"कशावरून?"

"येताना चाक उथळ, जाताना खोल. पऱ्हाटीत घुसली तिथं दिसे ना." मग थोडे थांबून म्हणाले, "पोलीस आले, फोटू काढले, गेले. मले कोनं इचारलं?"

फेलूदाच्या कथेत हे वाक्य फेलूदाच्या तोंडी असते. चाकाच्या खोलीवरून वजन काढणे ही होम्सची पहिल्या इयत्तेतली युक्ती. तोपशे चकित होतो, जटायूंचा आ वासतो, आणि वाचक पान उलटतो. इथे ते वाक्य बोलणाऱ्याला निरीक्षण केल्याचे भानही नव्हते. त्याने फक्त पाहिले होते, जसे तो रोज शेळीचा पाय पाहतो.

इथे मला फेलूदावर अन्याय करायचा नाही. त्याच्या कथेने मला शिल्पाची चोरी हा गुन्हा म्हणून पाहायला शिकवले. त्याआधी मीही 'जुने दगड, गेले असतील कुठे' म्हणणाऱ्यांपैकीच होतो. तरीही टीकाकार म्हणून माझे म्हणणे नोंदवतो. ऐतिहासिक भूमीवरची रहस्यकथा जितकी जागेचे वर्णन करते, तितकी जागेला साक्षीला बोलावत नाही. पडका वाडा, लेणे, दलदल ही तिला रंगभूमी म्हणून हवी असतात. ज्या कथेत जागा साक्ष देते, तिथे ती साक्ष वाचणाऱ्यालाही उभे करावे लागते, आणि तो बहुधा शाळेत न गेलेला, जातीने खालचा मानलेला, कधीकधी संशयित असतो. राय त्या दारापर्यंत येऊन थांबले. हिलरमन आत गेला.

मराठीत दार उघडे नाही असे नाही, फक्त ते वेगळ्या घराचे आहे. मारुती चितमपल्ली यांचे 'नवेगावबांधचे दिवस' काढून पाहा. वनाधिकारी असलेला लेखक आणि त्याला रान दाखवणारे माधवराव पाटील. कोणता पक्षी, कोणते झाड, कोणता ठसा हे कोणाकडून कळले, ते चितमपल्ली नावानिशी सांगत जातात. तिथे खून नाही, चोर नाही, तरी मला ते रहस्यकथेच्या जास्त जवळचे वाटते, कारण तिथे पुरावा हातातून हातात जाताना दिसतो. उद्या कोणी मराठी लेखकाने आमच्या रिठांवर तपासनीस पाठवायचा ठरवला, तर त्याने अर्नाळकरांइतकाच चितमपल्लींचा अभ्यास करावा. गावात पोलीस पाटील अजून आहे, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला, कोतवाल आहे, बेडा आहे, रिठ आहे. पात्रे कमी पडणार नाहीत.

म्हातारबुवांबरोबर मी त्या दिवशी माग पाहायला गेलो. महिना उलटला होता, मध्ये एक अवकाळी पाऊस पडून गेला होता. तरी पऱ्हाटीच्या दोन तासांमध्ये मोडलेली झाडे होती, धुऱ्यावर एका ठिकाणी माती दबलेली होती, आणि पुढे पांदण. ते पुढे चालले, मी मागे. नाल्यापाशी येऊन थांबले. पलीकडच्या काठाकडे काठीने दाखवले.

"इथपावतर माह्या गावाचा माग. पुढचं त्याईनं पाहाव."

पलीकडच्या गावात मी दोनदा जाऊन आलो. पोलीस पाटलांनी दोन्ही वेळा चहा पाजला.